चौसष्ट अधिक छत्तीस

पारोळ्याला हायवेवर, जिथं ट्रक पाटे तोडून येत,
तिथं माझ्या बापाचं दुकान :
वेडू मिस्तरी, गॅस वेल्डिंग. पाटीवरचा 'ल्डिं' उडालेला.
आत लोखंडी पिंप, पिंपाच्या पोटात पाणी,
पत्र्याच्या डब्यात कार्बाईडचे राखाडी खडे.

खडा पाण्याला भेटला की फसफसायचा.
"पानी धीरे टाक वं माय, नही ते भडका व्हस,"
एवढंच रसायनशास्त्र त्याला येई,
आणि तेवढ्यावर त्यानं अर्ध्या तालुक्याच्या
ट्रॉल्या सांधल्या.

अकरावीत पिंजारी सरांनी फळ्यावर लिहिलं :

CaC₂ + 2H₂O → C₂H₂ + Ca(OH)₂

मी बघतच राहिले. आमचं पिंप होतं ते.
बाणाच्या अलीकडे बापाचे हात, पलीकडे निळी ज्योत.
पाण्याआधीचा दोन विसरू नका, सर म्हणाले.
(चाचणीत त्याच दोनापायी माझा गुण गेला.)
कॅल्शियम चाळीस, कार्बन बारा नि बारा : चौसष्ट.
पाणी अठरा, दोनदा : छत्तीस.
बेरीज शंभर.
पलीकडे वायू सव्वीस, चुना चौऱ्याहत्तर.
बेरीज शंभर.
उधारीच्या वहीत कुठलाच हिशेब मी
दोन्ही बाजूंनी असा सारखा आलेला पाहिला नव्हता.

मोल म्हणजे किंमत नव्हे, सर म्हणाले. वर्ग हसला.
संध्याकाळी दुकानात बसून मी मोल काढले :
किलोभर खड्याला वायू चारशे सहा ग्रॅम, वर पाव.
बापानं काळा चष्मा कपाळावर चढवला.
"किलोमा एक ट्रॉली. मी बी तेच सांगस."
त्याचा आकडा जरा कमीच भरे,
खडे दमट, डबा फुटका.
आणि तो लसणासारखा वास, धुऊनही न जाणारा,
समीकरणात नव्हताच. अशुद्धीचा आहे तो, सर म्हणाले.
आई त्याच वासावरून ओळखायची
दारात कोण आलं ते.

पिंपाच्या तळाचा पांढरा गाळ आम्ही टाकला नाही.
एका मे महिन्यात दोन घमेली गाळून घराला दिला.
त्यानं वरची भिंत, मी कमरेखालची.
पुढे तो गेला, तेव्हा मी एम.एस्सी.ला होते.

आता मी शिकवते, अमळनेरला.
मागच्या आठवड्यात आफ्रीन तडवीनं
चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर घातली.
निवळी दुधाळ झाली. "मॅडम, हे पांढरं कुठून आलं?"
तुझ्याच छातीतून, म्हटलं,
आणि फळ्याकडे वळले ती बराच वेळ वळलेलीच.

Ca(OH)₂ + CO₂ → CaCO₃ + H₂O

चौऱ्याहत्तर चुना चव्वेचाळीस श्वास घेतो,
शंभराचा दगड होतो, अठरा पाणी सोडून देतो.
(त्या उन्हाळ्यात भिंत हाताला ओलसर लागायची.)
दोन घमेल्यांत कोरडा चुना धरू सदतीसशे ग्रॅम.
मोल पन्नास.
वायू बावीसशे ग्रॅम.
माणूस दिवसाला किलोभर सोडतो, साधारण.
म्हणजे दोन दिवसांचा श्वास, वर थोडा,
त्या भिंतीत दगड होऊन बसला आहे.
कोणाचा किती, ते समीकरण सांगत नाही.
आईचा असेल, हायवेच्या डिझेलचा,
मी पाठ करत बसलेल्या संयुजांचा,
त्याच्या खोकल्याचा.

भाऊ म्हणाला, भिंत खरवडून पुट्टी मारतो.
मार, म्हटलं. एक खपली काढून ठेव.
परवा ती आली, एसटीच्या कंडक्टरकडून, औषधाच्या पुडीत.
तराजूवर घातली : पाच ग्रॅम.
आम्ल टाकलं तर दोन पूर्णांक दोन ग्रॅम सुटेल.
बाटली समोर होती. बूच काढलं,
पुन्हा लावलं.

मग वह्या तपासायला घेतल्या.
आफ्रीनच्या वहीत पाण्याआधीचा दोन राहून गेला होता.
तो तांबड्या शाईनं लिहिला.
गुण कापला नाही.