प्रतीक्षा गट

कुओपिओ शहरात, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर
आइला केत्तुनेन पाकिटं फोडते.
कौल संगणकाचा.
उजवा लागला तर जोडप्याला सोमवारपासून थेरपी,
डावा लागला तर सहा महिने थांबा.
कुणी थांबलंच नाही तर
गुण उपचारांनी आला की नुसत्या दिवसांनी,
कळायचं कसं?

जोडपं क्रमांक एकेचाळीस. डावा.
रेइयो बस चालवतो, तूइया चष्म्याच्या दुकानात.
आइला फोन करते. पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग रेइयो म्हणतो,
थांबायची सवय आहे आम्हाला.

उजवे येत राहतात.
आइला संध्याकाळी त्यांच्या चित्रफिती बघते,
दर दहा सेकंदांना एक खूण:
टोमणा. सबब. पाठ फिरवणं.
अबोला असेल तर किती सेकंद.
बाराव्या आठवड्यात कुठलासा पुरुष
बोलायला तोंड उघडतो
आणि मिटतो. बायकोचं वाक्य पुरं होऊ देतो.
याला खूण नाही.
आइला ते 'इतर'मध्ये टाकते.

वर्षअखेरीस आलेख. दहांतली सहा-सात सावरली.
प्राध्यापक म्हणतात, परिणाम चांगला, पण पाच वर्षांनी पुन्हा विचारू,
घसरतात काही.
एक जोडपं वेगळं झालं आणि दोघंही नीट झोपू लागली,
ते अपयशात धरलं.

थांबलेल्यांची रेघ सपाट,
गोठलेल्या तळ्यासारखी.
ती तशी पडून आहे
म्हणून तर शेजारची चढलेली दिसते.

एकेचाळीसची प्रश्नावली टपालानं आली.
बत्तीस उत्तरं, जवळपास मागचीच.
फक्त एकोणिसाव्याच्या समासात, पेन्सिलीनं,
तूइयाचं बारीक अक्षर:
मंगळवारी त्यानं माझे बूट पुसून ठेवले होते.
हे कुठे लिहायचं?

समासातलं मोजायचं नसतं.
आइला मोजत नाही.
आकडे भरते, तारीख बघते.
सहा महिने सरले, येत्या सोमवारी नऊ वाजता
त्यांची पाळी.

जाता जाता ती खोलीत डोकावते,
दोनांतली एक खुर्ची
दुसरीकडे जराशी सरकवते.
मग जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा दिसतात.
अंतरही ठरलेलं आहे.
खुर्ची उचलून पुन्हा जागेवर ठेवते,
आवाज न करता,
कुणी झोपलेलं असावं तसं.