दीड महिन्याची

पोर रडली की गाठ यायची,
निजली की जायची.
परवा आली ती गेलीच नाही.

विडीच्या पानांचा वास असलेल्या बोटांनी
नरसव्वा येमुलनं लंगोट सोडला.
"दुखत नाही तिला. दाबा."
बदामाएवढी, घट्ट, बोटाखालून निसटणारी.
आतडं असं लागत नाही.

पिशवी उघडली, तर बीजकोश.
गुलाबी. देठाला पीळ नाही अजून.
सव्वातीन किलोच्या पोरीचं
केवढं तरी पुढचं त्यात.
हलकेच आत लोटला, तोंड बांधलं.
शेवटच्या टाक्याला वीज गेली,
अशोक चौकातले माग गप्प झाले,
आमचा दिवा तेवढा राहिला.

"लोपल एमुंदि?" तिनं विचारलं.
"तुझी नातवंडं," मी म्हणाले.
ऐकून घेतलं तिनं.
मग पदर सावरत,
"पाजू कधी?"