अकरा मिलिमीटर

सायकल स्टँडमागच्या भिंतीशी उगवलेली ती,
हातभर देठ, वर पिवळं बोंड,
कडेला कातरलेल्या चार-पाच पांढऱ्या पाकळ्या.
ऋतिका खांडबहालेनं वहीत लिहिलं: तण.
मग विचारलं, काका, तुमच्याकडं काय म्हणतात हिला?
कंबरमोडी, म्हटलं.
का?
उपटून बघ दिवसभर.

पाच दिवस पाला वाळला गच्चीच्या सावलीत
जुन्या प्रश्नपत्रिकांवर.
भुकटी अर्धी पाण्यात भिजली, अर्धी अल्कोहोलात,
आणि लॅबभर वास,
ओल्या वैरणीचा, थोडा दवाखान्याचा.

मी इथला परिचर. बावीस वर्षं काचेच्या बशा धुतो,
म्हणजे आधी मारतो, मग धुतो.
जंतू डोळ्यांना दिसत नाहीत असं पुस्तकात आहे.
मला दिसतात.
रात्रभरात बशीवर साय धरतात.

सदतीस अंशांच्या पेटीतून सकाळी तिनं बशी काढली.
सायीत कागदाच्या चार टिकल्या.
कंपनीच्या औषधाभोवती सव्वीस मिलिमीटर मोकळं रान.
नुसत्या अल्कोहोलाभोवती काही नाही,
तसंच असायला हवं.
पाण्यातल्या अर्काभोवतीही काही नाही.
तिथं तिनं पट्टी दोनदा लावली,
बशी उजेडात धरली, फिरवली.
शून्य.
आणि चौथ्या टिकलीला खळं,
चंद्राला पडतं तसं, स्वच्छ, गोल.
अकरा.

अकरा म्हणजे काही फार नाही हो काका, ती म्हणाली,
पण बशी खाली ठेवेना.

मथुरा, माझी बायको, म्हसरूळच्या नाक्यावरून पिकअपमध्ये बसते,
सोळाजणी, दिंडोरीच्या द्राक्षबागांत.
वेलींखालून हीच उपटते, रोजावर.
विरळणीची कात्री बोटाला लागली
की हीच तळहातावर चुरगाळते,
बाटलीतलं पाणी लावून दाबते,
आणि पुढचा घड.
पाणी लावून.
हे मी ऋतिकाला सांगितलं नाही.

संध्याकाळी बशा वाफेच्या भांड्यात घातल्या.
साय गेली, खळंही गेलं.
वहीत आकडे उरले.

घरी मी फक्त अकरा सांगितलं.
अकरा म्हंजे केवढं?
तिचंच बोट धरून दाखवलं, हे, नखाएवढं.
तिनं नख दिव्याकडं नेलं.
कडेला हिरवं होतं, साबणानं न गेलेलं.
मग म्हणाली,
कात्री कुठं एवढी मोठी लागते?