वीस मिनिटांचे पाय

असाहिकावात रात्रीचे उणे चौदा.
अंथरूण गुंडाळून भिंतीला लावलं
तेव्हा कुठे पाय पसरण्यापुरती जागा झाली.

एक वेबकॅम तांदळाच्या डब्यावर,
दुसरा इस्त्रीच्या टेबलाला चिकटपट्टीने.
कमरेचा एक, पावलांचे दोन,
असे खरे ट्रॅकर घ्यायचे तर दीड महिन्याचं भाडं जातं.
हे सॉफ्टवेअर म्हणे नुसतं बघून पाय ओळखतं.
आधी वापरा, मग पैसे द्या.
सात दिवस, रोज वीस मिनिटं.

आजवर मी तिथे कमरेपर्यंतच होते.
खाली नुसता अंदाज.
मुगिहो तिथे कोल्हीण असते,
एरवी सेंदाईत, दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडते.
ती म्हणायची, किनुयो, तू चालत नाहीस गं,
घरंगळतेस.

हात पसरून उभे राहा, अशी सूचना आली.
राहिले.
हिरव्या रेघांचा सांगाडा उमटला,
पण माझ्यावर नाही, शेजारी.
खुंटीवर माझा गणवेश होता.
रस्ता खोदतात तिथे लाल दांडा हलवत
मी दिवसभर मोटारी थांबवते, सोडते, तेव्हाचा.
त्याच्या चमकत्या पट्ट्यांत सॉफ्टवेअरला खांदे सापडले,
कंबर सापडली,
रिकाम्या विजारीत चक्क गुडघे.
मी हात हलवला. सांगाडा ढिम्म.
तेरा वर्षं मी तशीच तर उभी आहे,
त्याचं तरी काय चुकलं?

गणवेश कपाटात कोंबून दार लावलं.
चार मिनिटं त्यातच गेली.

मग उजवा पाय उचलला.
जरा थांबून,
आत कुणाला तरी विचारून आल्यासारखा
तिथलाही उचलला गेला.
मग डावा.
मांडी घालायला गेले तर एक गुडघा छातीतून बाहेर,
मुगिहो हसून हसून आडवी.
तशीच पडल्या पडल्या म्हणाली, ये, बस.

कुणीतरी कुठेतरी बसून बनवलेलं तळं,
त्याच्या लाकडी धक्क्यावर पाय खाली सोडून बसलो.
पाण्याला ओल नव्हती.
मी टाचा हलवत होते, ती शेपूट.
तिने विचारलं, गुडघे दुखतात का अजून?
म्हटलं, इथले नाही.

आणि एक पाय पुढे, एक मागे
असे मध्येच थिजले.
वेळ संपली. पूर्ण आवृत्ती घ्यायची?
किंमत सहा डब्यांच्या जेवणाइतकी.
'नंतर' दाबलं.
मुगिहो काही बोलत होती, मी पुन्हा घरंगळत
तिच्या जवळ गेले.

सकाळी बर्फावर, गणवेशात,
सिमेंटच्या गाडीला थांबवलं.
उगाच डावं पाऊल उचललं, टेकवलं,
आणि खाली बघत राहिले.

गाडीवाल्याने काच उतरवली. जाऊ का?
थांबा, म्हटलं,
अजून एक यायचंय.