वाढीव दोन फूट

पंचफुलाबाईच्या सांदवाडीत मी आधी टेप लावला,
मग डोकं.
वावधन सुटतं ते पश्चिमेकडून, नहराच्या बाजूनं,
म्हणून उंच बाजू पूर्वेला, हातभराला चार बोटं उतार.
भोकं टिनाच्या उंचवट्यावर पाडायची, नालीत नाही,
खाली डांबरी वायसर.
एवढं माझं शिक्षण. बाकी सातवी नापास.

ती चुलीला छुई मातीचा हात देत होती.
ओटा दोन विटा उचललेला,
कडेनं बोटभर नाली, थेट केळीच्या बुडाशी.
तिचं तिनंच केलं होतं सगळं, मला फक्त वरचं सांगितलं :
"भाऊ, मडक्यावर थेंब नोको.
तापल्या मडक्यावर थेंब पडला
का तडा गेलाच समजा."

मडकं तिचं उपडं असतं चुलीवर,
काळं, पोटात आग भरलेलं.
कणीक जवळपास पाण्यासारखी सैल,
हातावर झुलत झुलत कोपरापर्यंत जाते
आणि मडक्यावर उतरते
झोपलेल्या लेकरावर लुगड्याचा पदर टाकावा, तशी.
उमरेडपासून भिवापूरपर्यंत
साक्षगंध असो की तेरवी,
लांब पोळीचा निरोप हिलाच.

धुरासाठी वर वीतभर फट ठेवली, फटीवर टोपी.
नाहीतर टिन घामेजतं,
काजळीचं पाणी टपकतं कणकेत.
बल्ल्यांच्या बुडाला जळकं तेल, उधईसाठी.
पऱ्हाट्यांना आतून मचाण.
दोन बादल्या वरून ओतून पाहिल्या.
मडकं कोरडं.
सहाशे रुपये राहिले. म्हणाली, तान्ह्या पोळ्यापर्यंत देते.

तान्हा पोळा झाला.
झडीचा चौथा दिवस होता,
पोरांचे लाकडी बैल ओसरीत उभे, चाकांना चिखल.
मी खताच्या पोत्याची खोळ घेऊन गेलो
सहाशेसाठी.
चूल धडधडत होती. पऱ्हाट्या कडकडीत.
नाली बरोबर वाहत होती केळीकडे.
स्वतःचीच पाठ थोपटावी असं वाटलं.

पाठ.
ती पोळी टाकायला वाकली तेव्हा दिसली.
खांद्यापासून कमरेपर्यंत लुगडं चिकटलेलं,
समोरून अंगाची वाफ निघते आहे
आणि मागून पाणी.
टिनाची कड बरोबर तिच्या मानेवर संपत होती,
पागोळी तिथंच,
एकेक मणका मोजत खाली.

मी चूल मोजली होती, मडकं मोजलं होतं,
सरपण मोजलं होतं, वारासुद्धा.
बसायचा पाट मोजला नव्हता.

"बोलल्या का नाही बाई, एवढे दिवस?"
तिनं पोळी उलटली.
"तुमी विचारलं, काय काय वाचवाचं हाये.
म्या सांगतलं."

एवढंच. चिडून नाही, हसून नाही.
पिठाच्या डब्यातून सहाशे काढून दिले,
नोटांवर तिची बोटं उमटलेली, पांढरी.
पाटोडीच्या रश्श्यासोबत एक पोळी खाल्ली मी
आणि खाताना मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या टिनाचा तुकडा मोटरसायकलला आडवा बांधून नेला,
झडीतच, ताडपत्रीखाली उभं राहून जोडला.
दोन फूट.
उतार तसाच खाली आल्यामुळे आता आत शिरताना
कड कपाळाला लागते.
ती मला शिव्या देते त्यासाठी,
चांगल्या घसघशीत.

तेव्हापासून कुठंही काम निघालं
की टेप काढायच्या आधी म्हणतो,
"बाई, बसून दाखवा जरा, स्वयंपाकाला बसता तशा."
पवनीकडची एक बाई हे ऐकून हसतच सुटली.
हातातलं पळीताट ठेवून, पाय दुमडून
बसली एकदाची भिंतीशी,
म्हणाली, "एवढ्या वर्षांत
बसा म्हणणारा तुमीच भेटले."

आणि मग बराच वेळ
उठलीच नाही.