कोरडा ब्रश

ब्रश चार दिस कोरडाच होता.
दिसत होता मला मोरीच्या दगडावर,
हिरवा, बेडकाच्या तोंडाचा.
हातच उचलत नव्हता.

लेकरू रडलं की बिस्किट,
झोपेना तर साखरेचं दूध.
तेवढंच घर गप व्हायचं
आणि मी उंबऱ्यावर मिश्री लावत बसायची.
बोट फिरायचं, फिरतच राहायचं.
एकदा वळून पाहिलं तर
शेजारी रेवू,
रिकामं बोट तोंडात,
नजर माझ्यासारखीच लांब कुठंतरी.

सेलूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं
तिच्या दाढांतली काळी भोकं मोजली. पाच.
वाटलं, आता बोलणार मला.
तर म्हणाली,
"ताई, रातीला झोप लागती का तुम्हाला?"

मी दाढेचंच सांगत राहिले.
मग तेही सांगता येईना.

आज आठव्या दिवशी नळ आला.
बरं वाटायलंय असं नाही.
मिश्रीची डबी वरच्या फळीवर ठेवली,
फेकली नाही, खोटं कशाला बोलू.
दोघी मोरीत उकिडव्या बसलो.
ती माझ्या तोंडाकडं बघायली,
मी तिच्या.
फेस हनुवटीवरून कोपरापर्यंत गळाला
तशी ती हसली,
आणि पाचही भोकं दिसली मला,
उजेडात, नीट.