डावऱ्याचं पॅनल

नव्या पेठेतल्या दुकानात पोरानं
काउंटरवर दोन दांड्या ठेवल्या.
एकीच्या टोकाला लाल गोटी, लिंबाएवढी,
दुसरीचं डोकं लांबट, थेंबासारखं.
मी दोन्ही कानाशी धरून हलवल्या.
चार दिशांना चार स्विच. टिक, टिक, टिक,
आणि खालचा जरा उशिरा.
तीस वर्षं मागांची जॉबरकी केलीय,
पिकर सैल झाला की मला शेजारच्या शेडमधून कळतं.
पोरगा हसला, काका, खेळायचंय की तपासायचंय?

थेंबवाली घेतली. डाव्या हाताला काहीही चालतं.
अडलो ते बटणांपाशी.
पोरगा म्हणे सहा घ्या, सगळे सहाच घेतात.
मी म्हटलं तीन,
आणि त्यातलं एक असं की करंगळीनं दाबलं तरी बसावं.
त्यानं डब्यातून एकेक काढलं.
हे कडक. हे बरं, पण अंगठ्याचं.
हे असं की नुसतं बोट टेकलं तरी जीव जातो.
शेवटी मऊ स्प्रिंगची पिवळी,
मागून चाकीनं आवळायची,
कारण प्लाय अठरा एमएमचा, दाबून बसणारी त्यात टिकत नाहीत.
एक बोर्ड, यूएसबीची वायर, तारांची जुडी.
बिल बायकोला दाखवलं नाही.

डावऱ्या आणि मी अशोक चौकामागच्या पार्लरला जायचो,
रुपयाला तीन जीव.
तिथली दांडी आपोआप डावीकडे ओढायची,
मालकानं तिला सायकलची ट्यूब बांधली होती.
मग आम्ही दोघं मागावर लागलो,
आणि एका उन्हाळ्यात गिअरमध्ये
त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली.
झाकण मी काढून ठेवलं होतं की त्यानं,
हे आम्ही आजवर बोललो नाही.

म्हणून पुठ्ठ्यावर मी माझाच पंजा ठेवला,
दोन बोटं मुडपली, पेन्सिल फिरवली.
अंगठ्याला खाली एक भोक,
तर्जनीला वर,
करंगळीला पार बाजूला.
मध्ये मोकळी जागा.
जॅकार्डची कार्डं मी हजारो ओवली आहेत,
भोक नसलं तिथंही नक्षी असते, हे मला माहीत आहे.
चार पुठ्ठे फाडले. पाचवा प्लायवर चिकटवला
आणि होल सॉ लावला.

रविवारी तो आला, हातात शेंगा चटणीची पुडी.
पॅनलकडे बघितलं.
मोकळ्या जागेकडे जरा जास्तच बघितलं.
मग दोन्ही हात पुढं केले आणि एकावर एक फुली मारली,
उजवा दांडीवर, डावा बटणांवर.
म्हणाला, काय बे,
मी पार्लरमध्ये असाच खेळायचो की.
मालक ओरडायचा, डावऱ्या, हात सोड, मशीन गुंडाळतोस काय.

तीस वर्षं त्याला डावऱ्या म्हणतोय मी.
नाव तोंडात इतकं घोळलं
की त्यातला हात कधी गळून पडला, कळलंच नाही.

राजेशम, मी म्हटलं,
फार दिवसांनी, खरं नाव घेऊन.
तो म्हणाला, पाना आण.

सगळं उसकटलं. प्लाय पालथा घातला.
दांडी उजवीकडे आली, बटणं डावीकडे,
सनमायका आत गेला, कोरी बाजू वर,
तिच्यावर सुताराचा हिशेब पेन्सिलीत, चार फूट गुणिले काहीतरी.
तीन बोटांनी त्यानं दांडीचा थेंब धरून पाहिला,
नाही म्हणाला, मला गोटी हवी, तळहातात फिरते.
दुकान रविवारी बंद.
मधली मोकळी जागा आता त्याच्या चांगल्या हाताखाली आहे,
तिथं त्यानं चटणीची पुडी ठेवली.

तारा घाईत जोडल्या.
दांडी डावीकडे दाबली की पडद्यावरचा गडी
उजवीकडे पळतोय.
राहू दे, तो म्हणाला, जमतंय मला.